पेठेतल्या छोट्या वाचनालयाने पुस्तकांच्या देवघेवीपलीकडे काय करावं? अनुभव हवे आहेत

देवघेव | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

मी पुण्यात, पेठेतल्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी देवघेवीच्या टेबलावर बसते. जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, पोटमाळ्यावर जुनी मासिकं, एक अर्धवेळ ग्रंथपाल, एक सेवक. सरकारी वर्गवारीत आम्ही 'क'.

गेल्या मंगळवारी पाऊस होता. साडेपाच ते आठ या वेळात चार जण आले. त्यातले एक गृहस्थ आईची पुस्तकं परत करायला आले होते. म्हणाले, "आईचं नाव कमी करा आणि अनामत परत द्या. तिला आता जिना चढवत नाही." खातेवही काढली. त्या बाई १९९४ पासूनच्या सभासद. नोंदींचं अक्षर तीनदा बदललंय, म्हणजे तीन ग्रंथपाल झाले तेवढ्या काळात. शेवटचं पुस्तकही त्यांनी मुदतीच्या दोन दिवस आधी परत पाठवलं होतं. मी व्हाउचर केलं, सही घेतली, पैसे दिले. ते जिना उतरून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांना वाचायचं आहे, मध्ये फक्त अठरा पायऱ्या आल्या. आणि आम्ही त्यांना एका शब्दानेही थांबवलं नाही.

आम्ही उपक्रम करत नाही असं नाही. दिवाळी अंक योजना आहे, तिला अजून चांगला प्रतिसाद मिळतो. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, उन्हाळ्यात मुलांची निबंध स्पर्धा. फोटो निघतात, वार्षिक अहवालात लागतात. दुसऱ्या दिवशी टेबलासमोर परत तेच चार जण.

पुढच्या महिन्यात मंडळाची सभा आहे. नुसत्या कल्पना मांडल्या तर चहाबरोबर संपतील. तुमच्यापैकी कोणी वाचनालयात प्रत्यक्ष काही चालवलं असेल, बंद पडलेलं पाहिलं असेल, किंवा वाचक म्हणून तुम्हाला काय हवं होतं ते मिळालं नसेल, तर कृपया तपशिलात लिहा.

जुनाग्रंथपाल | सोमवार, रात्री १०.५५

ताई, धागा काढलात फार बरं केलंत. मी चौतीस वर्षं याच कामात होतो, त्यातली बरीच पुणे जिल्ह्यात. एकच गोष्ट आधी सांगतो. कार्यक्रम वेगळा आणि सेवा वेगळी. कार्यक्रम म्हणजे सतरंजी, हार, पाहुणे, आभारप्रदर्शन. सेवा म्हणजे दर बुधवारी सकाळी दहा वाजता अमुक एक माणूस अमुक एका ठिकाणी असतोच, हे गल्लीतल्या लोकांना पाठ असणं. तुमच्या यादीतली दिवाळी अंक योजना चालते, कारण ती सेवा आहे. पैसे भरले की अंक मिळणार, हे लोकांना ठाऊक असतं.

पुण्याला हे नवं नाही. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, लोकहितवादींच्या पुढाकारातून उभं राहिलेलं. त्याच वर्षी तिथून जवळच भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही लोक उन्हाळा आला की विचारतात, 'यंदा कोण कोण आहे?' वक्ते बदलतात, ऋतू तोच राहतो, म्हणून लोक येतात.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. आम्हाला परीक्षेत ते घोकून लिहायला लागायचे. त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. नोकरीत असताना मला वाटायचं, म्हणजे पुस्तक कपाटात चटकन सापडलं पाहिजे. तुमच्या त्या अठरा पायऱ्या वाचल्यावर वाटतंय, याचा अर्थ मी फारच छोटा लावला होता.

घरपोच सेवा सुरू करा. आम्ही एका गावात केली होती, तिच्या जमेच्या आणि चुकांच्या बाजू सांगतो:

आधी मंडळाच्या सभेत रीतसर ठराव घ्या, नाहीतर पुस्तक हरवलं की ते नेणाऱ्या कार्यकर्त्याच्या गळ्यात पडतं. घरपोच पुस्तकांची वेगळी नोंदवही ठेवा. वारी दोन आठवड्यांतून एकदा करा, दर आठवड्याला म्हटलं की महिन्यात दम लागतो. विलंब शुल्क या सभासदांना अजिबात लावू नका. माणूस तोच पाठवा. दर वेळी नवा चेहरा आला की वयस्क मंडळी दार उघडायला बिचकतात, आणि ते बरोबरच आहे.

चूक अशी झाली की निवड आम्ही केली. वय झालं म्हणजे अध्यात्म, असं धरून आम्ही संतचरित्रं आणि गीतेवरची भाष्यं पाठवत राहिलो. एका आजींनी तिसऱ्या वेळी पिशवी परत दिली आणि विचारलं, "तुमच्याकडे खुनाच्या गोष्टी संपल्या का?" त्यांना रहस्यकथा हव्या होत्या. तेव्हापासून आदल्या दिवशी फोन करून विचारायला लागलो. तो फोनही त्या सेवेचाच भाग झाला. काही जणांना आठवडाभरात तेवढाच फोन यायचा.

मुठाकाठ | मंगळवार, सकाळी ७.१०

माझं मत वेगळं आहे आणि ते कोणाला न दुखवता मांडायचा प्रयत्न करतो.

वाचनालय शांत असावं. मी सत्तरीचा आहे. वाचनकक्षात रोज सकाळी दीड तास बसून पाच वर्तमानपत्रं वाचणं हा माझा चाळीस वर्षांचा नेम. मी जिथे जायचो तिथे नव्या मंडळाने 'उपक्रम' सुरू केले. आधी रांगोळी वर्ग, मग कापडांचं प्रदर्शन, मग वाढदिवस. भाडं मिळतं म्हणून. एका सकाळी गेलो तर वाचनकक्षाच्या टेबलांवर साड्या मांडलेल्या, आणि वर्तमानपत्रं जिन्याखालच्या बाकावर. आम्ही सात-आठ म्हातारे उभ्याने पेपर वाचून घरी गेलो. त्यानंतर तिघांनी यायचं बंद केलं. त्यातल्या एकाशी माझी गाठ फक्त तिथेच पडायची.

फुकट वर्तमानपत्र वाचायला येणारा माणूस हिशेबात कुठेच दिसत नाही. त्याची वर्गणी नसते, त्याच्या नावावर पुस्तक नसतं. पण तोही वाचनालयाचाच माणूस आहे. नवीन काही करताना त्याची खुर्ची काढू नका, एवढंच मागणं आहे.

देवघेव | मंगळवार, दुपारी १.२५

काका, साड्यांचं वाचून वाईट वाटलं. तुमचं मागणं मी सभेच्या टिपणात पहिल्या ओळीत लिहून घेतलं आहे: वाचनकक्षाच्या वेळेत वाचनकक्षात दुसरं काहीही नाही. जे करायचं ते आतल्या खोलीत किंवा खाली अंगणात.

जुनाग्रंथपाल सर, खुनाच्या गोष्टी आमच्याकडे भरपूर आहेत, चिंता नसावी. तुमचा प्रतिसाद छापून घेतला आहे. एक विचारते. या सगळ्याला पैसा कुठून आणायचा? आमचं निम्मं अनुदान पगारातच जातं, आणि तो पगारही सांगायला लाज वाटेल असा.

जुनाग्रंथपाल | मंगळवार, दुपारी ४.०५

अनुदानाची गोष्ट थोडक्यात, कारण वाचकांना ती माहीत नसते आणि मग ते ग्रंथपालावर चिडतात.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्यानुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणे वार्षिक अनुदान मिळतं. २०१२ नंतर थेट २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली. 'ड' वर्गाला वर्षाला ३० हजार मिळायचे, त्याचे ४८ हजार झाले. म्हणजे तेव्हा महिन्याचे ४ हजार. त्यात पगार, पुस्तकं, वीज, वर्तमानपत्रं, सगळं. कर्नाटक, तमिळनाडू, केरळ या राज्यांच्या कायद्यांत ग्रंथालय उपकर आहे, मालमत्ता करावर थोडी रक्कम वाचनालयांसाठी वेगळी गोळा होते. आपल्या कायद्यात तो नाही. माझ्या मते १९६७ साली राहिलेली ही सर्वांत मोठी उणीव, आणि तिच्याबद्दल वाचकांनी बोललं पाहिजे. ग्रंथपाल बोलला की ती पगाराची तक्रार ठरते.

कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत, पुस्तकं, फर्निचर, इमारत यांसाठी. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात चौकशी करा. पण तुम्ही म्हणताय त्या घरपोच सेवेला पैसा फारसा लागतच नाही. दोन मजबूत पिशव्या आणि एक वेळ पाळणारा माणूस. पिशव्या मिळतात.

चाफेकळी | मंगळवार, रात्री ११.१५

मुलीला झोपवून लिहिते आहे. मी कोथरूडला राहते. आमच्या भागातल्या वाचनालयात बालविभाग आहे, पण कपाटं मोठ्यांच्या उंचीची आणि त्यांना कुलूप. मूल बोटाने पुस्तक दाखवणार, मग काका किल्ली आणणार. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने दोनदा दाखवलं आणि तिसऱ्यांदा म्हणाली, घरी जाऊ.

मग आम्ही तिघी मैत्रिणींनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शनिवारी संध्याकाळी गोष्टींचा तास सुरू केला. आता दीड वर्ष झालं. वाचनालयात करणार असाल तर हे उपयोगी पडेल:

तास म्हणायचा, पण पाऊण तासच ठेवायचा. एकच गोष्ट, पुस्तक हातात धरून, चित्रं दाखवत वाचायची. पाठ करून रंगवून सांगितली तर मुलं सांगणाऱ्याच्या प्रेमात पडतात, पुस्तक बाजूला राहतं. वाचून दाखवली की संपल्यावर ते पुस्तक ओढून घ्यायला तीन-चार हात पुढे येतात. गोष्ट संपली की प्रत्येकाने स्वतः एक पुस्तक निवडायचं आणि वहीत स्वतः नाव लिहायचं. हे नाव लिहिणं त्यांना फार आवडतं. आमच्याकडची बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमातली. बोलतात छान मराठी, पण जोडाक्षर आलं की अडतात आणि पुस्तक मिटतात. त्यांना 'वाचा' म्हणून उपयोग नाही, आधी बरेच दिवस ऐकायला मिळालं पाहिजे. एक मुलगा चार महिने नुसता ऐकत बसला होता. पाचव्या महिन्यात त्याने धाकट्या बहिणीला 'क्ष' चा उच्चार दुरुस्त करून दिला. मी त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं.

आईबाबांना मात्र बाहेर बसवा. आत बसले की "सांग ना, काय शिकलास गोष्टीतून" सुरू करतात.

आणि ताई, कुलूप काढा. पुस्तकं फाटतील. फाटू देत.

शिवणपट्टी | बुधवार, रात्री १२.१०

फाटलेल्या पुस्तकांचं आमच्यावर सोडा.

माझे वडील बुक बायंडर होते, अप्पा बळवंत चौकाजवळ दुकान होतं. मी नोकरी वेगळी केली, पण हात अजून चालतो. रविवारी दोन तास 'पुस्तक दुरुस्ती' ठेवा. लोकांना घरातली फाटकी पुस्तकं आणू द्या, बरोबर वाचनालयाची दोन दुरुस्त करायची, ही अट. सामान साधं: जाड सुई, दोरा, पुठ्ठा, बायंडिंगचं कापड, पिठाची खळ. खळीला कसर आणि झुरळं लागतात म्हणून वडील तिच्यात मोरचूद घालायचे. मुलं असतील तिथे मोरचूद नको, ते विषारी असतं. तेवढ्यापुरती ताजी खळ शिजवायची.

कृपा करून एक करा, चिकटपट्टी लावू नका. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते, डिंक कागदात उतरतो आणि तिच्याखालची अक्षरं जातात. वाचनालयांत सर्वांत जास्त नुकसान प्रेमाने लावलेल्या चिकटपट्टीने झालेलं मी पाहिलं आहे. पातळ जपानी कागद मिळाला तर उत्तम, नाहीतर साधा पातळ कागद आणि खळ.

मी नारायण पेठेत येऊ शकतो. सदाशिवातही. सामान माझं.

लातूरचापोरगा | बुधवार, रात्री १२.४०

मी इथे नवीन आहे. चार वर्षांपासून पुण्यात आहे, राज्यसेवेची तयारी. दोन मुख्य परीक्षा दिल्या.

पेठांमध्ये आम्ही हजारोंनी आहोत आणि आमच्यासाठी वाचनालय म्हणजे खुर्ची. अभ्यासिकेची खुर्ची, तिचं महिन्याचं भाडं, वर एक पंखा. सकाळी सातला बसायचं, रात्री अकराला उठायचं. मी ज्या पहिल्या अभ्यासिकेत होतो तिथे एकही पुस्तक नव्हतं, नुसते कप्पे. नंतर एका सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेत जागा मिळाली. पैसे कमी, आणि शेजारच्या खोलीत पुस्तकं. संध्याकाळी डोकं जड झालं की मी तिथे जाऊन उभ्याने कविता वाचायचो. तिथल्या ग्रंथपाल मॅडमनी दोन महिन्यांनी मला आडनावाने हाक मारली. पुण्यात मला नावाने ओळखणारी तेव्हा दोनच ठिकाणं होती, खानावळ आणि ते टेबल.

माझं म्हणणं असं. तुमच्याकडे अभ्यासिका असेल तर आमच्याकडे फक्त भाडेकरू म्हणून बघू नका. आम्हाला रोज जाहिराती, अर्ज, दाखले, आधार, उत्पन्नाचा दाखला, ऑनलाइन फॉर्म हेच करायचं असतं. यातलं बरंच काही पेठेतल्या आजी-आजोबांना, घरकाम करणाऱ्या मावशींना करता येत नाही आणि ते दर फॉर्ममागे सायबर कॅफेत पैसे देतात. आठवड्यातून एक तास आमच्यातले दोघे-तिघे तुमच्या टेबलाशेजारी बसले तर? हयातीचा दाखला, पेन्शनचं पोर्टल, शिष्यवृत्तीचा फॉर्म. आम्हाला पैसे नकोत. परीक्षेच्या आधीचा महिना सोडून.

आणि घरपोच पिशवी आम्हीही नेऊ शकतो. बारा तास बसून पाठ धरते, चालायला निमित्तच हवं असतं.

देवघेव | बुधवार, सकाळी ६.५०

बाळा, तुझा प्रतिसाद सकाळी पूजेच्या आधी वाचला आणि पुन्हा एकदा वाचला. आमच्याकडे अभ्यासिकेत चौदा मुलं बसतात. त्यांच्यापैकी किती जणांची नावं मला येतात ते मोजलं. पाच. आज संध्याकाळी उरलेली नऊ विचारणार आहे.

फॉर्मच्या मदतीला माझा पूर्ण पाठिंबा, फक्त एक काळजी: ओटीपी आणि बँकेचे तपशील. बँकेत असताना फसवणुकीचे प्रकार इतके पाहिले आहेत की नियम आत्ताच ठरवूया. पासवर्ड आणि ओटीपी ज्याचा त्यानेच टाकायचा, मदत करणाऱ्याने मोबाइल हातात घ्यायचा नाही, आणि काम टेबलावर सगळ्यांसमोर करायचं. कोणाच्याही कागदाचा फोटो मदत करणाऱ्याच्या फोनमध्ये राहता कामा नये.

दीपस्तंभ | बुधवार, संध्याकाळी ६.२०

मी हे स्क्रीन रीडरवर ऐकतो आहे. माझी दृष्टी विशीनंतर गेली.

वाचनालयांच्या चर्चेत अंध वाचक क्वचितच येतो, म्हणून लिहितो. 'सुगम्य पुस्तकालय' नावाचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६ साली सुरू झालं. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही त्यांना नोंदणी करून तिथे पुस्तकं विनामूल्य मिळतात, अनेक भारतीय भाषांतली. ही सोय फक्त अंधांपुरती नाही. तुमच्या १९९४ च्या सभासद बाईंना उद्या मोतीबिंदूनंतर किंवा मधुमेहामुळे अक्षर दिसेनासं झालं तर त्याही पात्र ठरू शकतात. हे त्यांना कोण सांगणार? डॉक्टर सांगत नाहीत. देवघेवीच्या टेबलाने सांगावं.

ध्वनिमुद्रण करायला लोक कायद्याला घाबरतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपात, नफा न घेता प्रत करायला मुभा आहे. अंधांना सुलभ स्वरूपातली पुस्तकं मिळावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार २०१४ साली मंजूर करणारा भारत पहिला देश. सर्वांसाठी खुलं ध्वनिमुद्रण करायचं असेल तर मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं झालेली असावी लागतात. हरिभाऊ आपटे, गडकरी, साने गुरुजी या सगळ्यांचं लेखन आता मोकळं आहे. साने गुरुजी १९५० साली गेले.

तुमच्या सभासदांत चांगला वाचिक आवाज असलेल्या निवृत्त शिक्षिका नक्की असतील. शिक्षिका का म्हणतो, तर त्या विरामचिन्हं वाचतात. नाटकी वाचणारे आम्हाला लवकर नकोसे होतात, कारण आठ तासांचं पुस्तक ऐकायचं असतं. संथ, स्पष्ट, एका लयीत.

पूर्वेकडून | गुरुवार, दुपारी १२.००

सगळं वाचून आनंद होतोय आणि थोडी कळही येतेय. मी हडपसरच्या पुढे राहतो. पेठांमध्ये चालत जावं एवढ्या अंतरावर दोन-तीन वाचनालयं, तिकडे विश्रामबागवाडा, तिकडे टिळक रस्त्यावर साहित्य परिषद. आमच्या भागात बावीस मजली इमारती आल्या, जिम आले, वाचनालय आलं नाही. पुण्यात डिसेंबरात पुस्तक महोत्सव भरतो तेव्हा फर्ग्युसनच्या मैदानावर आमच्याकडची माणसं मुलांना खांद्यावर घेऊन येतात. म्हणजे वाचणारी माणसं आहेत. जानेवारीत त्यांनी कुठे जायचं?

ताई, तुमच्या पोटमाळ्यावरच्या किंवा दोन-दोन प्रती असलेल्या पुस्तकांची एक पेटी महिन्याला आमच्या सोसायटीत आली तर? शंभर पुस्तकं, महिनाभर, मग बदलून दुसरी शंभर. वर्गणी आम्ही गोळा करून देऊ. वाहतूक आमची. दर पहिल्या रविवारी माझी गाडी.

जुन्या पाठ्यपुस्तकांचंही सुचवतो. जूनमध्ये प्रत्येक घरात मागच्या इयत्तेचा संच पडून असतो. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात, पण ज्या घरात एकच मोबाइल आणि तो बाबांबरोबर कामावर जातो, तिथे मुलाला कागदच लागतो. मे अखेरीस घ्यायची आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात द्यायची. अट एवढीच की अभ्यासक्रम बदललेला नसावा, ते आधी बघून घ्या. एका वर्षी आम्ही न बघता वाटली आणि मुलांना शाळेतून परत यावं लागलं.

मुठाकाठ | गुरुवार, संध्याकाळी ७.४५

माझ्या पहिल्या प्रतिसादाला कोणी हसलं नाही, आभारी आहे. म्हणून मीही एक सुचवतो, शांततेत होण्यासारखं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मी सहा-सात वर्षांचा होतो. आमचं घर नदीपासून लांब नव्हतं. पाणी उतरल्यावर आजीने ओल्या पोथ्या नातेवाइकांच्या गच्चीवर पान-पान सुटं करून वाळत घातल्या होत्या. वर दगड ठेवलेले, मी राखायला. माझ्या गल्लीतले तो दिवस पाहिलेले आता बोटांवर मोजण्याइतके राहिले. हे सगळं आमच्याबरोबर जाणार.

वाचनालयाने महिन्यातून एकदा एका म्हाताऱ्याला बसवावं आणि त्याच्याकडून त्याच्या गल्लीबद्दल लिहून घ्यावं. भाषण नको, माईक नको. समोर वही घेऊन एक जण. जुने फोटो असतील तर ते तिथेच स्कॅन करून परत द्यावेत. वर्षाचे बारा झाले तरी ती वही कपाटात ठेवण्याजोगी होईल, आणि तिला दाखल क्रमांक द्या. या गल्लीचा इतिहास मागायला लोकांनी या वाचनालयात नाही यायचं तर कुठे जायचं?

लातूरचापोरगा | गुरुवार, रात्री ११.५०

काका, वही घेऊन समोर बसायला मी येतो. माझी टिपणं चांगली असतात, तेवढं एकच काम मी चार वर्षं केलंय.

सह्यवेडा | शुक्रवार, सकाळी ८.१५

मी हिंजवडीला नोकरी करतो, एक व्यवहारी प्रश्न. हे सगळं उत्तम, पण वाचनालय उघडं कधी असतं? सकाळी साडेआठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ. मी आठ वाजता चांदणी चौकात अडकलेला असतो. सोमवारी सुट्टी, रविवारी अर्धा दिवस. माझ्यासारख्याला पाच वर्षांत दोनदा आत जाता आलं. नवीन एकही उपक्रम नको, आठवड्यातून एक दिवस रात्री दहापर्यंत दार उघडं ठेवा. अभ्यासिका तशीही सुरू असते ना?

देवघेव | शुक्रवार, दुपारी ३.००

अभ्यासिका अकरापर्यंत सुरू असते, आणि पुस्तकांच्या खोलीला आठला कुलूप. चाळीस वर्षांत हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. मुद्दा घेतला.

देवघेव | पाच आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.३०

सभा झाली. जसं घडलं तसं सांगते.

गोष्टींचा तास मंजूर, पण जागा नाही म्हणून पुढे ढकलला. अंगणात पावसाळा संपल्यावर. बालविभागाचं कुलूप मात्र त्याच दिवशी काढलं. फिरत्या पेटीवर मतभेद झाले, दोन सभासदांचं म्हणणं, पेठेतली पुस्तकं पेठेबाहेर का. त्यावर मी पुन्हा बोलणार आहे, पूर्वेकडून यांनी धीर धरावा. गुरुवारी रात्री दहापर्यंत देवघेव सुरू झाली. पहिल्या गुरुवारी तीन, दुसऱ्या गुरुवारी सात जण आले. त्यातले एक हेल्मेट हातात घेऊन आले आणि नाव सांगितल्यावर कळलं, आपले सह्यवेडा.

शिवणपट्टी दोन रविवार येऊन गेले. एकवीस पुस्तकं परत उभी राहिली. चिकटपट्टीचं रीळ आम्ही कार्यालयातून हलवलं आहे.

घरपोच सेवेत सध्या नऊ घरं आहेत. अभ्यासिकेतली दोन मुलं आणि मी, तिघं मिळून करतो. चौदाही नावं मला आता येतात. पहिली पिशवी घेऊन मी स्वतः त्या १९९४ च्या बाईंकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. आधी म्हणाल्या, "माझं नाव तर कमी केलं ना तुम्ही?" मी नवीन अर्ज नेला होता, पण त्यांना जुनाच क्रमांक हवा होता. ग्रंथपालांना विचारून तोच दिला. फोनवर त्यांनी पुस्तकं सांगितली नव्हती, मी आपल्या मनाने तीन नेली होती. त्यातली दोन त्यांची वाचून झालेली. मला कपाटाच्या कुठल्या फळीवर काय आहे ते त्यांनी खुर्चीत बसून सांगितलं, दाराकडून तिसरं कपाट, खालून दुसरी फळी, निळ्या बायंडिंगचा खंड. आज जाऊन पाहिलं. तिथेच आहे.

आता मदत हवी आहे ती अशी. आमच्या कापडी पिशव्यांचे बंद दोन फेऱ्यांतच उसवले, जाड खंड बसत नाहीत. कोणाला जाड कॅनव्हासच्या, खांद्याला अडकवता येतील अशा, पावसात आत पाणी न जाणाऱ्या पिशव्या कुठे शिवून मिळतील ते माहीत आहे का? दहा लागतील. रविवार पेठेत दोन ठिकाणी विचारलं, त्यांना शंभराची ऑर्डर हवी आहे.